काचेवरची बाई

आबांना मुंबई मानवत नसे. १९९८ साली ते सव्वा महिना माझ्याकडे डोंबिवलीला राहिले, ते केवळ डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला म्हणून. शेवटच्या तपासणीला आम्ही दोघं गेलो, डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला परवानगी दिली आणि परतताना मी त्यांना माझ्या लॅबमध्ये नेलं. नियमात बसत नव्हतं. पण दुपारचे साडेतीन वाजले होते, मॅडम मीटिंगला गेल्या होत्या आणि ‘तू दिवसभर अंधारात बसून करतेस तरी काय?’ हा प्रश्न आबा सात वर्षं विचारत होते.

आमची डार्क रूम म्हणजे खरं तर पॅसेजचा आडवा कापलेला तुकडा. खिडकीच्या काचांना काळा कागद, दाराला काळा पडदा, मधोमध फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आणि त्याच्या मर्क्युरी दिव्याची अखंड घरघर. शेजारी दोरीनं बांधलेली वही: दिवा कधी लावला, कधी मालवला, एकूण तास किती झाले. एकदा मालवला की पुरता गार होईपर्यंत पुन्हा लावायचा नाही, म्हणून आम्ही चहालासुद्धा पाळीपाळीनं जायचो. आबांना स्टुलावर बसवलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नवा डोळा भिंगाला लावला. आधी त्यांना स्वतःच्या पापणीखेरीज काही दिसेना. मग दिसलं.

“चांदणं पडलंय की,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “कुणाचं गं हे?”

मी सांगितलं, सोलापूरकडची एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. गालांवर लाल चट्टा, सांधे धरलेले, लघवीतून प्रथिनं जातायत. ल्युपस म्हणतात. तिच्या रक्तातलं आहे हे.

“आणि ह्या गोल गोल पेशी तिच्याच?”

“नाही, त्या कंपनीच्या. काचेवर चिकटवून पाकिटातून येतात.”

“म्हणजे रक्त हिचं, पेशी भलत्याच कुणाच्या आणि दुखणं हिला?”

“हो.”

“मग ही पोर भांडतीय कुणाशी?”

माणमधल्या एका खेड्यात कोरडवाहू शेती आणि पंचक्रोशीत कीर्तनं, एवढंच आबांचं आयुष्य. चौथीपुढे शाळा नाही. पण त्या दुपारी त्यांनी जे विचारलं ते इतकं नेमकं होतं, की इम्युनॉलॉजीच्या पुस्तकात मी त्याचं उत्तर शोधत राहिले. निवृत्त झाले तरी शोधतेच आहे.

*

आधी काम सांगते. एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं. रुग्णाचं रक्त गोठू द्यायचं, वर जमलेलं पिवळसर सीरम काढून घ्यायचं आणि ते ऐंशीपट पातळ करायचं. काचेवर पेशींचे छोटे छोटे गोल असतात, त्यांना आम्ही वेल म्हणतो. एकेका वेलवर एकेका रुग्णाचा थेंब. काच ओल्या टिपकागदाच्या डब्यात अर्धा तास ठेवायची. आमचा डबा म्हणजे कुणाचा तरी जुना टिफिन होता. रुग्णाच्या रक्तात तसली प्रतिपिंडं असली, तर तेवढ्या वेळात ती पेशींच्या केंद्रकांना जाऊन चिकटतात. धुऊन बाकीचं काढून टाकायचं. पण चिकटलेलं दिसायचं कसं? त्यासाठी दुसरा थेंब. माणसाच्या प्रतिपिंडांविरुद्ध बकरीच्या अंगात तयार करवून घेतलेली प्रतिपिंडं आणि त्यांना जोडलेला एक रंग. पुन्हा अर्धा तास, पुन्हा धुणं. मग अंधारात निळ्या प्रकाशाखाली ठेवलं, की जिथं जिथं रुग्णाचं रक्त चिकटलं असेल तिथं कच्च्या कैरीसारखा हिरवा उजेड. जास्त वेळ टक लावून बसलात तर तो डोळ्यांदेखत विझत जातो. तेव्हा बघायचं, लिहायचं आणि पुढं सरकायचं.

कधी केंद्रक सबंध उजळतं, कधी त्यात रवा सांडल्यासारखे ठिपके, कधी नुसते चार-पाच मणी. एकेक पॅटर्न एकेका दुखण्याकडे बोट दाखवतो. बोट दाखवतो, इतकंच. क्षयाच्या आणि कुष्ठाच्या रुग्णांच्या रक्तातही कधीकधी असला उजेड दिसतो, कारण जंतूंशी लढाई लांबली की शरीराचे चार दगड आपल्याच घरावरही पडतात.

मी लागले तेव्हा, १९९१ साली, या तयार काचा आमच्याकडे नव्हत्या. उंदराच्या यकृताचे काप आम्हीच काढायचो. उंदीर मारायचं काम पहिल्यांदा माझ्यावर आलं, तेव्हा गळ्यातली माळ ब्लाउजच्या आत सारली. आबांना हे मी कधी सांगितलं नाही. आता सांगून टाकते.

ल्युपसचा संशय पक्का करायचा तर आणखी एक तपासणी असते, थेट डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं बघण्याची. त्या काचेवर माणसाच्या पेशी नसतातच. माशीच्या पोटात राहणारा एक शेपटीवाला एकपेशीय जीव असतो, क्रिथिडिया नावाचा. त्याच्या अंगात केंद्रकाशिवाय डीएनएची आणखी एक घट्ट गोळी असते. रुग्णाचं सीरम त्या गोळीला चिकटलं की ती टिकलीसारखी चमकते. १९७५ पासून जगभर ही पद्धत आहे आणि आजही तिचा शब्द वजनदार मानतात.

म्हणजे बघा. सोलापूरच्या मुलीच्या रक्तातलं जे काही तिच्याच मूत्रपिंडाला जाळत होतं, ते उंदराच्या यकृताला चिकटत होतं, कंपनीच्या पेशींना चिकटत होतं आणि माशीच्या पोटातल्या किड्यालाही चिकटत होतं. कारण डीएनएचा तो पिळाचा जिना सगळ्यांच्या घरात एकसारखाच आहे. लहानपणापासून कीर्तनात ऐकलं होतं, की मुंगीत आणि ब्रह्मदेवात एकच तत्त्व आहे, भेद आहे तो वरच्या सोंगाचा. इथं ते तत्त्व काचेवर हिरवं होऊन बसलं होतं.

आमच्याकडे एम.डी. करायला आलेल्या एका हुशार मुलानं एकदा भाषणात अगदी हेच म्हटलं. अद्वैताचा प्रयोगशाळेतला पुरावा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते, मला टाळी वाजवता आली नाही. अहो, ही तर आजाराची खूण आहे. ज्या शरीराला माशीच्या पोटातल्या किड्याचा डीएनए आणि आपला डीएनए एकच वाटतो आणि जे दोघांवर सारख्याच आवेशानं तुटून पडतं, ते शरीर मुक्त झालेलं नाही, ते अतिदक्षता विभागात आहे. सगळ्यांत एकच तत्त्व दिसण्यात काय मोठेपणा? दिसल्यावर तुम्ही करता काय?

*

याच्या उलट टोकाला आबांची शिकवण. त्यांच्या निरूपणाचा गाभा एकच असायचा: मीपण गळालं पाहिजे. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की ऐकू येईनासं झालं होतं. आणि इकडे लॅबमध्ये सगळी विद्या ‘स्व’ आणि ‘पर’ या दोन शब्दांवर उभी. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४९ च्या सुमाराला ते शब्द रूढ केले. शरीर आपलं काय आणि परकं काय हे जन्माच्या आसपास शिकतं, असं त्यांनी मांडलं. इंग्लंडच्या पीटर मेदावर यांनी उंदरांवर ते दाखवलं आणि १९६० चं नोबेल दोघांना मिळालं. त्याही आधी, विसाव्या शतकाच्या तोंडावर, जर्मनीच्या पाउल एर्लिश यांचं म्हणणं होतं, की शरीर स्वतःवर उलटायला इतकं घाबरतं, की तसं सहसा होऊ देत नाही. त्यांच्या शब्दाचा दरारा एवढा, की स्वतःवर उलटणारं शरीर ही गोष्ट पुढची कित्येक दशकं डॉक्टरांच्या गळी उतरेना.

मला मात्र ती पहिल्याच वर्षी उतरवून घ्यावी लागली. प्रत्येक खेपेला एक निगेटिव्ह कंट्रोल लावतात, म्हणजे धडधाकट माणसाचं सीरम. लॅबमध्ये कोण धडधाकट? नवी मुलगी. मी दंड पुढे केला, रक्त दिलं, थेंब ठेवला. आणि अंधारात बघते तर माझा वेल मंद हिरवा, बारीक रव्यासारखा. पुन्हा लावला. पुन्हा तसाच. मॅडम शेजारी येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, “एक ऐंशीला पॉझिटिव्ह आहेस गं तू. उद्यापासून कंट्रोलला दुसऱ्या कुणाचं घे.” आणि राउंडला निघून गेल्या.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी स्वतःवर पाळत ठेवली. कंगव्यात केस जास्त आले की मोजायचे. तोंड आलं की ल्युपस. उन्हात चेहरा तापला की ल्युपस. लग्नाच्या बोलण्यात हे सांगायचं की नाही, यावर आई आणि मी दोन रात्री जागून काढल्या. सांगितलं नाही. १९९७ मध्ये मॅडमनी एका शोधनिबंधाची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसं तपासली होती. चाळीसपट पातळ केलेल्या सीरमला जवळजवळ ३२ टक्के पॉझिटिव्ह, ऐंशीपटीला १३ टक्के, एकशेसाठपटीला ५ टक्के. डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात त्या संध्याकाळी मी बायका मोजत उभी राहिले. आठांतली एक माझ्यासारखी.

म्हणजे स्वतःला ओळखून स्वतःवरच रोखलेली हत्यारं आठांतल्या एकीच्या खिशात असतात आणि ती मजेत वाटाणे सोलत घरी जाते. पण हे वाक्य पुरतं दिलासा देणारं नाही. २००३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या रक्तसाठ्यावरचा एक अभ्यास आला. ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने शीतगृहात सापडले होते. त्यातल्या ८८ टक्क्यांच्या रक्तात निदानाच्या आधीच कुठली ना कुठली प्रतिपिंडं होती, काहींच्या तर नऊ वर्षांहून अधिक आधी. तेव्हा वाटाणे सोलणाऱ्या बाईचं पुढं काय होणार हे तिच्या रक्तावरून सांगता येत नाही. हत्यार सापडतं, हल्ला सापडत नाही. मग मधे कोण उभं असतं?

*

आबांच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे ‘कुणाचं गं हे?’, मला २०१२ मध्ये कळला. तोवर आबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्या काचेवरच्या पेशींचं नाव हेप-टू. पाकिटावर लिहिलेलं असायचं, माणसाच्या स्वरयंत्राच्या कर्करोगातून १९५० च्या दशकात वाढवलेल्या. कर्करोगाच्या पेशीच का, तर त्यांचं केंद्रक मोठं असतं आणि त्या सारख्या दुभंगत असतात, पॅटर्न स्वच्छ दिसतो. एका व्याख्यानात कळलं, की हे लेबल चुकीचं आहे. १९६० च्या दशकातच अमेरिकेतल्या स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं होतं, की जगभर वेगवेगळ्या नावांनी वाढवले जाणारे कितीतरी पेशीवंश मुळात एकाच बाईच्या पेशींनी गिळून टाकले आहेत. हेप-टू त्यातलाच. ती बाई म्हणजे हेन्रिएटा लॅक्स.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ती गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानं १९५१ च्या ४ ऑक्टोबरला गेली. वय एकतीस. तंबाखूच्या शेतात राबून वाढलेली कृष्णवर्णीय बाई, मागे पाच लेकरं. तिला न विचारता तिच्या गाठीचा तुकडा घेतला गेला आणि त्यातल्या पेशी आजतागायत मेलेल्या नाहीत. व्हर्जिनियात क्लोव्हर गावी तिला पुरलं, त्या जागेवर २०१० पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

सतरा वर्षं मी रोज सकाळी ज्या चांदण्यात बघत होते ती ही बाई. सोलापूरच्या मुलीचं, रत्नागिरीच्या म्हातारीचं रक्त हिच्या केंद्रकावर जाऊन बसत होतं. आणि तिच्या म्हणाव्यात तर त्या पेशींमध्ये गुणसूत्रं भलतीच जादा, शिवाय ज्या विषाणूनं तिला मारलं त्याचे तुकडे त्यांच्या डीएनएत कायमचे विणले गेलेले. त्या पेशी म्हणजे ही बाई नव्हे आणि तिच्याखेरीज दुसरी कुणीही नव्हे. आबा असते तर म्हणाले असते, “मग आत्मा कुठं गेला?” मला काहीच सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी काच उघडताना हात जरा अडखळला. तिसऱ्या दिवशी नाही. रोजचे चाळीस नमुने असायचे.

*

मधे कोण उभं असतं, याचं उत्तर २०२५ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आलं, म्हणजे नोबेलच्या बातमीत. जपानचे शिमोन साकागुची, अमेरिकेच्या मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल. साकागुचींचं मूळ काम १९९५ चं. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. कीर्तनात आबा ‘इथं आहे तो’ म्हणून हात ठेवायचे, बरोबर त्या जागी. लहानपणी भरदार असते, वय वाढतं तशी सुकत जाते. टी पेशींची, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशींची, ही तालीम. इथं नवशिक्या पेशींना शरीरातले जवळजवळ सगळे तुकडे दाखवतात: डोळ्याचा, स्वादुपिंडाचा, यकृताचा. आपल्या माणसाला बघून जी पेशी चवताळते ती तिथंच मरते. इथवर सगळे सांगतात. पण जी पेशी आपल्या माणसाला मुळीच ओळखत नाही, तीही मरते. तिचा उपयोग नाही. शंभरातल्या चार-पाचच जेमतेम बाहेर पडतात.

आणि खरी मौज पुढं आहे. ज्या पेशी आपल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त घट्ट ओळखतात, अगदी मारल्या जाण्याच्या उंबरठ्यावर असतात, त्यांतल्या काहींना मारत नाहीत. त्यांना आवरणाऱ्या पेशी करतात. त्या लढत नाहीत, लढणाऱ्यांचा हात धरतात. साकागुचींनी उंदरांतून त्या काढून घेतल्या, तर उंदीर स्वतःवर उलटले. ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्यामागचं जनुक शोधलं. ते बिघडलेलं घेऊन जन्मलेल्या मुलांचं आतडं, कातडी आणि स्वादुपिंड तान्हेपणीच जळायला लागतं.

हे मला नीट कळलं त्या रात्री झोप लागली नाही. मी समजत होते, की निरोगी शरीर म्हणजे ज्याला स्वतःविरुद्ध काही वाटतच नाही. तसं नाहीच. चवताळू शकणाऱ्या पेशी माझ्यात, तुमच्यात, सगळ्यांत फिरत आहेत; चाळणीतून निसटलेल्या. त्यांना रोज, दर घटकेला आवरलं जातं. आणि आवरतं कोण, तर ज्यांची ओळख सगळ्यांत पक्की तेच. डॉक्टर याला टॉलरन्स म्हणतात. मराठी पुस्तकात सहिष्णुता लिहितात, मला तो शब्द सभेतला वाटतो. माझ्या आजीच्या तोंडी ‘सोसणं’ होता, तोही नव्हे, त्यात लाचारी येते. क्षमा म्हणावं तर ती चुकीनंतर येते. एक शब्द सापडत नाही. ओळखून न मारणं.

जंतू याच ठिकाणी डाव साधतात. आमच्याकडे एएसओची, म्हणजे घशातल्या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी ढिगानं यायची, घसा दुखून गेलेल्या पोरांची. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या अंगावरचा एक भाग हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाशी मिळताजुळता असतो. जंतू मरतो, पण त्याच्यासाठी घडवलेली हत्यारं हृदयाच्या झडपांकडे वळतात. रावण गोसाव्याच्या वेशात येऊन गेला, म्हणून त्यानंतर दारात येणाऱ्या प्रत्येक गोसाव्याला झोडपावं, तसं. मग त्या पोराला वर्षानुवर्षं दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, का तर रावण पुन्हा दारात येऊच नये म्हणून. कमरेत घेतात, फार दुखतं.

*

२००४ साली एक बाई काउंटरवर आली. सातवा महिना. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला छप्पन्न भरत होते. एकशेदहाच्या वर हवेत. तिच्या रक्तात अँटी-रो नावाची प्रतिपिंडं निघाली होती. तिला स्वतःला काहीही नव्हतं, ना पुरळ, ना सांधे. तिचीच प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरली होती आणि बाळाच्या हृदयातला ठोके पुढे नेणारा तंतू त्यांनी करपवला होता. असल्या शंभर आयांमध्ये एखाद-दुसऱ्या बाळालाच असं होतं. प्रतिपिंडं जन्मानंतर सहा-आठ महिन्यांत विरून जातात, तंतू मात्र परत येत नाही.

रिपोर्ट घेताना तिनं विचारलं, “ताई, ह्यात पाप निघतं का हो?” मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ती म्हणाली, “सासूबाई म्हणतात, मागल्या जन्मीचं आहे. रक्तात दिसत असंल ना?”

टेक्निशियननं रुग्णाला रिपोर्ट समजावून सांगायचा नसतो. मी म्हटलं, “डॉक्टर सांगतील.” आणि पुढचा नंबर पुकारला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी काचा फोडल्या, नमुने अदलाबदल केले आणि वेळीच पकडले, त्यातलं काहीएक मला आठवत नाही. हे आठवतं.

तिला सांगता आलं असतं. ज्या दारानं ते आत गेलं ना, त्याच दारानं तुझ्या धनुर्वाताच्या दोन इंजेक्शनांचं फळ बाळापर्यंत पोचतं. गोवराचं संरक्षण तिथूनच जातं. वारेतला एक वाहक आईच्या रक्तातली प्रतिपिंडं उचलून बाळाला देतो, बरीवाईट निवडत नाही. ते दार बंद असतं तर बाळ पहिल्या सर्दीलाच उघडं पडलं असतं. आईपणाचं दार आहे ते.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आबांना हे सांगितलं. प्रारब्धावर त्यांचं एक ठरलेलं निरूपण असायचं: जो तो आपल्या खात्याचं भोगतो, बापाचं लेकाला चुकवता येत नाही. लोकांना आवडायचं. आबा अंगणात शेंगा फोडत होते. बराच वेळ फोडतच राहिले.

“प्रतिपिंड आईचं?”

“हो.”

“हृदय लेकराचं?”

“हो.”

“आईला काय नाही?”

“काही नाही.”

“मग खातं कुणाच्या नावचं?” आबा म्हणाले. “दोन वह्या निराळ्या असतील तर हिशेब. इथं पान एकच दिसतंय.”

त्यानंतर मी त्यांचं ते निरूपण ऐकलं नाही. निदान मी गावात असताना तरी. नामदेवाची कुत्र्याची गोष्ट मात्र ते वरचेवर सांगू लागले. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावला, कोरडी खाऊ नकोस म्हणून. सगळे सांगतात, की त्याला कुत्र्यात विठ्ठल दिसला. आबा मधेच थांबून श्रोत्यांना विचारायचे, “दिसला, बरोबर. पण पोळी खातंय कोण? कुत्रं. तूप वाटीत का ताटात हे कोण बघतंय? नामदेव. दोघं एकच झाले असते तर धावलं कोण असतं?” बायका हसायच्या. मला वाटायचं, म्हातारा माझ्या लॅबमधून काहीतरी खिशात घालून घेऊन गेला आहे.

ते मीपण गळायला सांगत होते, तेव्हा ओळख गळायला सांगत नव्हते बहुतेक. हात गळायला सांगत असावेत, मारण्यासाठी उगारलेला. पण ही माझी सोयीची समजूत असू शकते. मी कीर्तनकार नाही आणि विचारायला ते उरले नाहीत.

*

२०२४ मध्ये रिटायर झाले. शेवटच्या आठवड्यात डिप्लोमा करून आलेली नवी मुलगी माझ्या हाताखाली होती. तिचं रक्त घ्यायला सुई काढली, तर ती सुईला घाबरणारी निघाली, लॅब टेक्निशियन असून! म्हटलं, चल, माझं घे. बत्तीस वर्षांनी मी पुन्हा काचेवर गेले. ओला डबा, अर्धा तास, धुणं, बकरी, अर्धा तास. अंधारात तिनं आधी बघितलं, मग मी. मंद हिरवं, बारीक रव्यासारखं. एक ऐंशी. इतक्या वर्षांत तसूभर हललं नव्हतं.

“मॅडम, हा तर पॉझिटिव्ह आहे,” ती घाबरून म्हणाली. रजिस्टर उघडून पेन हातात धरून बसली होती. “नॉर्मल कंट्रोल असं कसं लिहू?”

“नको लिहूस नॉर्मल.”

“मग कुणाचं लिहू?”

बाहेर कुणीतरी सेंट्रीफ्यूज लावला, त्यानं टेबल थरथरायला लागलं आणि भिंगातलं चांदणं हलू लागलं. मी तिला म्हटलं, तो थांबेपर्यंत थांब, आणि पुन्हा बघ. या आवाजात एक ऐंशी आणि एक एकशेसाठ यांच्यातला फरक कळत नाही.